दूरध्वनी केंद्र : आयते घ्यावे की घडवून घ्यावे?

१ डिसेंबर २०१३ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, मार्शल या गावच्या एका विश्रामगृहात कॅरी हंट या तरुणीवर तिच्या विभक्त राहणाऱ्या पतीने प्राणघातक हल्ला केला. तिची नऊ वर्षांची मुलगी तेथेच होती. संकट ओढवले तर ९११ हा क्रमांक फिरवावा, हे त्या मुलीला शिकविलेले होते. तिने तो एकदा नव्हे, चार वेळा फिरविला. परंतु तिची हाक कोणापर्यंतही पोहोचली नाही. त्या खोलीतून बाहेर बोलावयाचे, तर आरंभी आणखी एक ९ फिरवावा लागत असे, आणि हे त्या बालिकेला ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते. कॅरी हंट त्या हल्ल्यात मरण पावली.

या घटनेत विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या दिवशी दूरध्वनीचे यंत्र बिघडलेले नव्हते आणि तारही तुटलेली नव्हती. विश्रामगृहातील केंद्राला जी आज्ञा देऊन ठेवलेली होती, ती ते बिनचूक पाळीत होते. उणीव होती ती त्या आज्ञेत. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेने कॅरीच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा संमत केला. १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसविलेल्या अशा प्रत्येक केंद्रातून ९११ हा क्रमांक कोणताही जादा अंक न फिरविता लागलाच पाहिजे, असे बंधन त्याने घातले.

आपल्या देशात संकटकालीन साहाय्यासाठी ११२ हा क्रमांक आहे. शाळा, रुग्णालये, सहकारी संस्था आणि वसतिगृहे यांना आज स्वतःचे दूरध्वनी केंद्र उभारणे पूर्वीपेक्षा पुष्कळच सुलभ झाले आहे. एक साधा संगणक आणि विनामूल्य मिळणारी मुक्तस्रोत आज्ञावली एवढ्या सामग्रीवर ते चालू शकते. परंतु या वाटेवर पाऊल टाकताच दोन फाटे लागतात. कोणी सर्व भाग एकत्र बांधून दिलेले आयते केंद्र घ्यावे, की मूळ आज्ञावली घेऊन आपल्या गरजेप्रमाणे ते घडवून घ्यावे? पुष्कळ लोक हा प्रश्न खर्चाचा किंवा सोयींचा समजतात. वस्तुतः तो निराळाच आहे. आपल्या केंद्राला दिलेल्या आज्ञा कोणाला समजतात आणि उद्या त्या कोण दुरुस्त करील, हा तो प्रश्न होय.

केंद्राचे काम कोणते?

समजा, एका तालुक्याच्या गावी धर्मादाय रुग्णालय आहे आणि तेथे चाळीस ठिकाणी दूरध्वनी हवे आहेत. चाळीस स्वतंत्र जोडण्या घेणे परवडण्यासारखे नसते, आणि त्यांची आवश्यकताही नसते. बहुतेक संभाषणे आतल्या आतच होतात : कक्षातून औषधालयाशी, औषधालयातून भांडाराशी. बाहेरच्या जगाशी एका वेळी सात-आठ जणांना बोलता आले म्हणजे पुरे. आतली संभाषणे आत जुळविणे, बाहेरची मोजक्या वाहिन्यांतून पाठविणे, बाहेरून आलेले योग्य खोलीत पोहोचविणे, कोणी न उचलल्यास निरोप नोंदवून ठेवणे, ही खासगी दूरध्वनी केंद्राची कामे होत. पूर्वी ती फळ्यासमोर बसलेली व्यक्ती दोऱ्या इकडच्या तिकडे खोचून करीत असे. नंतर विद्युत्-यांत्रिक केंद्रे आली, आणि आता संगणक तीच कामे करतो.

संगणकाला हे साधते, याचे कारण आवाजाचे अंकांत रूपांतर करता येते. प्रचलित पद्धतीत आवाजाची प्रत्येक सेकंदाला ८,००० वेळा मोजणी होते आणि प्रत्येक मोजणी ८ द्विमान अंकांत लिहिली जाते. म्हणजे सेकंदाला ६४,००० द्विमान अंक झाले. हे अंक वीस-वीस सहस्रांश सेकंदांच्या पुडक्यांत बांधले जातात आणि सेकंदाला अशी ५० पुडकी पाठविली जातात. प्रत्येक पुडक्यावर पत्ता इत्यादी मजकूर लिहावा लागतो. त्याचे ओझे धरले, तर स्थानिक जाळ्यावर एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सुमारे ८७,००० द्विमान अंक लागतात. आठ संभाषणे एकदम चालली, तरी ही बेरीज सात लाखांच्या आसपासच राहते. आजच्या सामान्य संगणकाला हा भार काहीच नव्हे. म्हणून खासगी केंद्राची अडचण यंत्राच्या बळाची नसून त्याला द्यावयाच्या आज्ञांची असते.

तारकाचिन्हाची कथा

या आज्ञा सर्वांना खुल्या कशा झाल्या, याची कथा थोडक्यात सांगावयास हवी. १९९९ मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याने लिनक्स वापरणाऱ्यांना साहाय्य देणारा एक छोटा व्यवसाय काढला. त्याला दूरध्वनी केंद्राची गरज होती. पण बाजारातील केंद्राची किंमत त्याच्या आवाक्याबाहेरची होती. तेव्हा त्याने स्वतःच केंद्राची आज्ञावली लिहावयास घेतली आणि तिला अ‍ॅस्टरिस्क, म्हणजे तारकाचिन्ह, असे नाव दिले. संगणकाच्या परिभाषेत हे चिन्ह ‘वाटेल ते’ अशा अर्थी वापरतात. याच सुमारास जिम डिक्सन याने दूरध्वनीच्या तारा साध्या संगणकाला जोडणारे फलक तयार केले. आवाजावरील संस्कारांसाठी महागडी खास यंत्रणा न घेता संगणकाच्या मुख्य प्रक्रियकाकडूनच ते काम करवून घ्यावे, ही त्याची कल्पना होती. त्या दोघांचे प्रयत्न एकत्र आले. २००४ मध्ये अ‍ॅस्टरिस्कची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली.

ही आज्ञावली मुक्तस्रोत आहे. तिची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि परवान्याच्या अटी पाळून दुसऱ्याला देता येते. मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. अ‍ॅस्टरिस्क हे तयार केंद्र नव्हे. ते ठाणभर कापड आहे. त्याचा सदरा शिवावा लागतो. तो स्वतः शिवावा की दुसऱ्याने शिवलेला घ्यावा, हाच आपला प्रश्न आहे.

आयते केंद्र

शिवलेल्या सदऱ्यांत सध्या विशेष प्रसिद्ध आहे ते फ्रीपीबीएक्स. त्याच्या संचात लिनक्स, अ‍ॅस्टरिस्क, माहितीचे कोठार सांभाळणारी आज्ञावली आणि संगणकाच्या पडद्यावर उघडणारा नियंत्रणपट, हे सर्व जुळवून दिलेले असते. व्यवस्थापकाने पडद्यावरील रकाने भरावयाचे : खोलीचा क्रमांक, नाव, परवलीचा शब्द. बदल लागू करण्याचे बटण दाबले की, अ‍ॅस्टरिस्कला लागणाऱ्या आज्ञांच्या संहिता ही प्रणाली स्वतःच लिहून काढते. ज्याला आज्ञालेखनाचा गंध नाही, असा मनुष्यही एका दिवसात चाळीस दूरध्वनींचे केंद्र चालू करू शकतो. ध्वनिमुद्रित सूचना, प्रतीक्षारांग, निरोपपेटी या सोयी तयारच असतात. काही जादा विभागांना मात्र पैसे मोजावे लागतात. सहस्रावधी संस्था एकच संच वापरीत असल्याने एखादी अडचण आली, तर ती पूर्वी दुसऱ्या कोणाला तरी आलेली असते आणि तिचा तोडगाही सापडतो.

या सोयीची किंमत तीन प्रकारे द्यावी लागते. पहिली अशी : संहिता प्रणालीने लिहिलेल्या असल्यामुळे त्यांत आपण हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी ते बटण दाबताच पुसली जाते. आपल्या खास आज्ञांसाठी वेगळ्या संहिता राखून ठेवलेल्या असतात आणि तेथे लिहिलेले टिकते. पण हे ठाऊक नसलेल्या माणसाची मेहनत एका क्षणात नाहीशी होते.

दुसरी किंमत सुरक्षिततेची. केंद्राबरोबर नियंत्रणपट, त्याला पडद्यावर आणणारी यंत्रणा आणि माहितीचे कोठार हीही आली. दारे वाढली की पहारेही वाढवावे लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रीपीबीएक्सच्या एका व्यापारी विभागात असे छिद्र आढळले की, ज्यांचा नियंत्रणपट महाजालावर उघडा होता, अशी केंद्रे परक्यांना परवलीच्या शब्दावाचून ताब्यात घेता आली. दुरुस्ती त्वरित प्रसिद्ध झाली. परंतु ती आपल्या केंद्रात पोहोचली की नाही, हे पाहणारा कोणी तरी प्रत्येक संस्थेत असावयास हवा होता.

तिसरी किंमत सर्वांत खोल आहे. आयत्या संचाचे भवितव्य तो बांधणाऱ्याच्या हाती असते. अ‍ॅस्टरिस्कवर आधारलेला ट्रिक्सबॉक्स हा संच एके काळी फार लोकप्रिय होता. २०१२ मध्ये त्याच्या विनामूल्य आवृत्तीचे काम थांबविण्यात आले. इक्वेडोरमध्ये जन्मलेला एलास्टिक्स हा संच २०१६ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेला, आणि त्याची पुढची आवृत्ती मुक्तस्रोत अ‍ॅस्टरिस्कऐवजी त्या कंपनीच्या स्वतःच्या आज्ञावलीवर उभी राहिली. जुन्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांनी इस्साबेल नावाचा नवा संच काढला. फ्रीपीबीएक्सचा संच ज्या सेंटओएस ७ या कार्यप्रणालीच्या आधारावर उभा होता, तिचे पोषण ३० जून २०२४ रोजी संपले. १७ वी आवृत्ती डेबियनवर आली. पण जुन्या यंत्रावर ती नुसती चढविता येईना. नवे केंद्र उभारून त्यात जुनी माहिती नेऊन ठेवावी लागली. येथे कोणाला दोष द्यावयाचा नाही. दुसऱ्याच्या नावेत बसले म्हणजे नाव वळेल तिकडे जावे लागते, एवढेच.

घडवून घेतलेले केंद्र

आता दुसरी वाट. येथे मूळ संहिता उतरवून घ्यावी, हवे तेवढेच भाग निवडून त्यांचे संकलन करावे आणि आज्ञा स्वतः लिहाव्यात. अशी आज्ञा दिसते तितकी अवघड नसते. कोणी १०१ फिरविले असता औषधालयाची घंटा वीस सेकंद वाजवावी, कोणी न उचलल्यास निरोपपेटीकडे न्यावे आणि नंतर संभाषण बंद करावे, एवढे सांगावयास तीन ओळी पुरतात. चाळीस खोल्यांचे सारे केंद्र दोन-चार पानांत मावते. ती पाने ज्याने लिहिली, त्याला प्रत्येक ओळीचे प्रयोजन सांगता येते. नियंत्रणपट नसल्याने तेवढी दारेही नसतात. रात्री आलेला दूरध्वनी प्रथम पाळीवरील परिचारिकेकडे न्यावा, तिने न उचलल्यास एकाच वेळी तीन वैद्यांच्या भ्रमणध्वनींवर घंटा वाजवावी, जो पहिल्याने उचलील त्याला रुग्णाच्या गावाचे नाव ऐकवावे, अशी अगदी स्वतःची गरज येथे पूर्ण करता येते.

मात्र ही स्वाधीनता फुकटची नव्हे. अ‍ॅस्टरिस्कच्या दीर्घकाळ पोसल्या जाणाऱ्या आवृत्तीला सुमारे पाच वर्षांचे आयुष्य असते. त्यानंतर नव्या आवृत्तीकडे गेलेच पाहिजे, आणि ते काम आपले आपणच करावयाचे असते. जुन्या केंद्रांत दूरध्वनी जोडण्यासाठी सरसकट वापरला जाणारा एक विभाग २०१३ पासून नव्या विभागाला जागा देऊ लागला होता. २०२३ मधील २१ व्या आवृत्तीतून तो काढूनच टाकण्यात आला. ज्यांनी पंधरा वर्षांपूर्वी आपल्या हाताने आज्ञा लिहिल्या होत्या, त्यांना दूरध्वनींच्या जोडणीचा सारा भाग नव्याने लिहिणे प्राप्त झाले.

याहूनही मोठा धोका मनुष्याचा आहे. घडविलेल्या केंद्राचे ज्ञान बहुधा एकाच व्यक्तीच्या डोक्यात साठते. ती हुशार असते, उत्साही असते, रात्री-अपरात्री धावून येते. मग तिला दुसरीकडे चांगली नोकरी लागते. तिने लिहिलेल्या चार पानांत एकही टिप्पणी नसते. परवलीचे शब्द कोठे आहेत, हे कोणाला माहीत नसते. केंद्र चालू असते तोवर त्याला हात लावण्याचे धाडस कोणी करीत नाही, आणि ज्या दिवशी ते बंद पडते, त्या दिवशी संस्थेला कळून येते की, हे केंद्र आपले कधी नव्हतेच. ते त्या गृहस्थांचे होते.

आपल्याच देशातील एक उदाहरण

आयते की घडविलेले, हा प्रश्न आपल्या देशाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर सोडविला आहे. १९८० च्या दशकात भारताने फ्रान्सच्या सीआयटी-अल्काटेल या कंपनीकडून ई-१०बी या अंकीय केंद्राचे तयार तंत्र घेतले. उत्तर प्रदेशातील मनकापूर येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजच्या कारखान्यात ती केंद्रे बनू लागली. मोठ्या शहरांच्या गरजा सर्वत्र सारख्याच असतात. त्यांना असे आयते तंत्र मानवले. परंतु धूळ, उन्हाळा आणि बेभरवशाची वीज यांनी गांजलेल्या लहान गावाला लागणारे, वातानुकूलनावाचून चालणारे छोटे केंद्र आयते कोठून मिळणार? त्यासाठी १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिने आखलेले १२८ जोडण्यांचे ग्रामीण केंद्र १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले.

येथे ध्यानात घेण्यासारख्या गोष्टी दोन. जेथे गरज सर्वसामान्य होती, तेथे आयते घेतले. जेथे गरज आपलीच होती, तेथे घडविले. आणि जे घडविले, ते एकट्यादुकट्याच्या डोक्यात राहू दिले नाही. त्याचे आराखडे लिहून निरनिराळ्या उत्पादकांच्या हाती दिले. म्हणूनच ते देशभर पसरू शकले.

निवड कशी करावी?

आपल्या रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी प्रथम एका कागदावर आपल्या गरजा लिहाव्यात. त्यांपैकी किती गरजा कोणत्याही रुग्णालयाच्या असतील आणि किती केवळ आपल्याच आहेत, हे वेगळे काढावे. सर्वसामान्य गरजाच अधिक असतील, आणि बहुधा तसेच आढळेल, तर आयते केंद्र घ्यावे. एक-दोन गोष्टीच निराळ्या असतील, तर त्या आयत्या केंद्रातील राखीव संहितांत लिहाव्यात. त्यासाठी सारे केंद्र घडविण्याचे कारण नाही. जेथे निराळेपण हाच मुख्य भाग आहे, तेथे मात्र घडवून घेतलेलेच केंद्र अखेरीस स्वस्त पडते.

दुसरा प्रश्न माणसांचा. आज्ञा वाचू शकणाऱ्या किमान दोन व्यक्ती संस्थेत नसतील, तर घडवून घेण्याच्या भरीस पडू नये. एक असणे म्हणजे या बाबतीत एकही नसणेच होय. आयते केंद्र घेतले, तरी महिन्यातून एकदा दुरुस्त्या बसविणारा कोणी तरी नेमलेला असावा.

वाट कोणतीही धरली, तरी काही कर्तव्ये टळत नाहीत. बाहेरची वाहिनी परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच घ्यावी. नियंत्रणपट महाजालावर उघडा ठेवू नये. दूरध्वनींचे परवलीचे शब्द लांब व अवघड असावेत, आणि परदेशी संभाषणे गरज नसल्यास बंदच ठेवावीत. कारण दुबळे शब्द ओळखून रातोरात महागड्या परदेशी क्रमांकांवर बोलत राहणे आणि देयक संस्थेच्या माथी मारणे, हा चोरांचा नित्याचा उद्योग आहे. केंद्राच्या आज्ञांची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, आणि वर्षातून एकदा ती कोऱ्या यंत्रावर चढवून पाहावी; जी प्रत चढवून पाहिलेली नाही, तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. केंद्राचा नकाशा आणि प्रत्येक आज्ञेचे कारण मराठीत, हिंदीत, जी भाषा तेथील लोकांना येते त्या भाषेत, वहीत लिहून ठेवावे. वीज गेली असता चालेल असा एक साधा दूरध्वनी नेहमी हाताशी असावा.

सर्वांत शेवटी एक छोटी परीक्षा. ११२ फिरविल्यास आपले केंद्र काय करील, हे पाहण्यासाठी तो क्रमांक विनाकारण लावून साहाय्यकांचा वेळ घेऊ नये. त्याची गरजही नसते. अमुक क्रमांक अमुक ठिकाणाहून फिरविला तर कोणती आज्ञा लागू होईल, असे विचारण्याची सोय अ‍ॅस्टरिस्कमध्येच आहे. उत्तर पडद्यावर उमटते आणि एकही घंटा वाजत नाही. आयत्या केंद्रातही हे विचारता येते व घडविलेल्या केंद्रातही. मध्यरात्री आजारी आईच्या उशाशी एकटे बसलेले मूल कक्षातील दूरध्वनी उचलून केवळ तीन अंक फिरविते, अशी कल्पना करून व्यवस्थापकांनी हा प्रश्न आपल्या केंद्राला विचारावा. उत्तर समाधानकारक आले नाही, तर दुरुस्त करावयाची ओळ कोठे आहे, हे जिथल्या लोकांना ठाऊक आहे, त्या संस्थेची निवड योग्य झाली असे समजावे; मग केंद्र आयते असो वा घडविलेले.